गुलाबी दोरा

भाकरी कुणाच्या हातची आहे हे माझ्या अम्माला तिची कड बघून कळायचं. दहा घरच्या दहा भाकऱ्या समोर ठेवा, ती एकेक उचलून उजेडाकडे धरायची आणि सांगायची, ही पद्माच्या आईची, तिचा अंगठा जास्त दाबतो. ही कोपऱ्यावरच्या म्हातारीची, पाणी पुरेसं उकळलेलं नव्हतं, बघ कड कशी फाटलीय. आणि ही तुझी, घाईची. घाईची म्हणताना ती माझ्याकडे बघायची नाही, पण मला ते लागायचं. मी सत्तरी ओलांडली तरी अजून लागतं, कारण तिचं म्हणणं खरं होतं. माझं सगळंच घाईचं होतं. राग घाईचा, हुशारी घाईची, आणि ज्या एका गोष्टीबद्दल हे प्रकरण लिहायला बसले आहे तीही घाईतच केलेली.

आमचं घर म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकर गल्लीतली एक खोली आणि पुढचा ओटा. आम्ही तेलुगू बोलणारी माणसं. घरात तेलुगू, शाळेत मराठी, नळावर जी भाषा समोरच्या बाईला कळेल ती. वडील मी लहान असतानाच गेले. अम्मा ओट्यावर बसून दिवसभर बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवून कापलेली पानं आणि दोऱ्याचं रीळ. तिची बोटं चालू असायची आणि तोंडही. तंबाखूचा वास घरात इतका मुरलेला की माझ्या वह्यापुस्तकांनाही तो यायचा. शाळेत माझ्या शेजारी बसणारी जुबेदा म्हणायची, "सरोजा, तुझी भूगोलाची वही पेटवली तर मास्तर ओढत बसतील." पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा, मग गल्लीतल्या मागांची खटखट सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. त्या आवाजावर आवाज काढून बोलायची आम्हाला सवय. लग्न होऊन पुण्याला गेले तेव्हा सासरच्यांना वाटायचं मी सारखी भांडतेच आहे. अर्ध्या वेळा मी भांडतच असायची.

जेवण ठरलेलं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि अम्माची चिंचेची आंबट आमटी. कडक भाकरी ज्यांनी खाल्ली नाही त्यांना सांगते, ती साधी भाकरी नव्हे. पापडासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग चुलीच्या कडेला निखाऱ्यांसमोर उभी करून ठेवायची, पार पाणी आटेपर्यंत. मोडली की कडकन आवाज आला पाहिजे. महिनाभर टिकते. अम्मा उखळात शेंगदाणे, लसूण आणि तिखट कुटायला बसली की मागच्या भिंतीपलीकडून जुबेदाची आई ओरडायची, "सरोजा की अम्मा, हमारे वास्ते बी!" ती भिंत आमच्या गल्लीची मागची आणि त्यांच्या गल्लीचीही मागची. भिंतीच्या टोकाला दोन्ही गल्ल्यांचा एकच नळ. जुबेदाच्या आईला मी खाला म्हणायची. जुबेदाचे अब्बा हातमागावर साड्या विणायचे. तो जुन्या पद्धतीचा माग, जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायचं आणि पायानं पावड्या दाबायच्या. लहानपणी आम्ही दोघी त्या खड्ड्यात लपायचो आणि अब्बा विणता विणता पायानं आम्हाला ढोसायचे.

मग दंगल झाली. त्या चार दिवसांबद्दल मी फारसं लिहिणार नाही. ज्यांनी केलं त्यांची नावं दोन्ही गल्ल्यांना माहीत होती आणि अजून माहीत आहेत. त्यातले काही पुढे मोठे झाले, हार घालून घेऊ लागले, मेले तेव्हा त्यांच्यासाठी दुकानं बंद ठेवली गेली. मला आठवतो तो मागांचा थांबलेला आवाज. जन्मापासून कानात असलेली खटखट बंद पडली आणि कर्फ्यूत अम्मा ओट्यावर न बसता आत दाराला पाठ लावून बसली. लोक म्हणत होते, आता शांतता आहे. तेव्हापासून शांतता हा शब्द ऐकला की माझं डोकं उठतं. आमच्याकडे माग बंद पडले की जी होते ती शांतता. कर्फ्यू उठला तेव्हा कळलं, अब्बांची मागाची शेड जळून गेली. माग गेला, सूत गेलं, छप्पर गेलं. चार भिंती राहिल्या आणि मधोमध तो खड्डा, राखेनं भरलेला.

आठवड्याभरात शांतता समिती निघाली. आमच्या बाजूनं राजण्णा मालक, ज्यांच्या शेडमध्ये आमची अर्धी गल्ली कामाला होती आणि ज्यांच्या जागेवर अब्बांची शेड उभी होती. त्यांच्या बाजूनं हाजीसाब, धान्याचे व्यापारी. दोघं एका सतरंजीवर बसले, एका किटलीतला चहा प्याले, आणि सभेत एक पांढरं कबूतर सोडलं. ते कबूतर उडून गेलं आणि नेमकं अब्बांच्या जळक्या भिंतीवर जाऊन बसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि तोही आम्हालाच वाढायला सांगत होते. अब्बा सभेला गेलेच नाहीत. ते मैंदर्गीला जायचं म्हणत होते. खालाचं माहेर अक्कलकोटपलीकडे मैंदर्गीला, तिथं तिच्या भावाची शेती होती. तिथं गेलं की जुबेदाचं शिक्षण संपणार आणि लग्न होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. आम्ही दोघी नुकत्याच मॅट्रिक झालो होतो आणि दोघींनी मिळून मास्तरीण व्हायचं हे सातवीपासून ठरलं होतं.

गेल्या महिन्यात एक मुलगी माझ्याकडे आली होती. गोड मुलगी, हातात मोबाइल, त्यावर माझं बोलणं रेकॉर्ड करत होती. तरुणांनी उद्योगातून समाजात सलोखा कसा आणावा असं काहीतरी तिचं काम होतं. तिनं विचारलं, "आजी, तुमचं मॉडेल काय होतं?" मी म्हटलं, "मॉडेल कसलं बाई, चूल होती." तिला वाटलं मी विनोद केला. ती हसली आणि मला तिचाच राग आला, बिचारीचा. ते पुढे लिहितेच.

चूल सुरू झाली ती दत्तूमुळे. दत्तू केम गावचा, गिरणीत बदली कामगार, आमच्या गल्लीच्या तोंडाशी चार पोरांबरोबर एका खोलीत राहायचा. दंगलीनंतर खानावळी उघडेनात. एका दुपारी तो अम्मापुढे येऊन उभा राहिला.

"मावशी, भाकरी हाय का एकांदी? दोन दिस झालं, नुसतं चुरमुरं खातोय. लई भूक लागलीय की."

अम्मानं त्याला चार दिल्या. दुसऱ्या दिवशी तो सहा जणांना घेऊन आला. त्यात भिंतीपलीकडची दोन पोरंही होती, आणि त्यातल्या एकानं कर्फ्यूच्या आदल्या दिवशी दत्तूवरच दगड टाकला होता. दत्तूनंच ते सांगितलं, भाकरी खाता खाता. "ह्येचा नेम लई वंगाळ हाय मावशी, म्हून वाचलो." ते पोरगं मान खाली घालून खात राहिलं. त्याच संध्याकाळी मी नळावर जुबेदाला म्हटलं, आपण भाकऱ्या करून विकू. गिरणीची एकटी माणसं इतकी आहेत, सगळी उपाशी. जुबेदानं घागर भरून कमरेवर घेतली. मग म्हणाली, "अब्बांच्या शेडमध्ये करू. तिथं आता दुसरं काय होणार आहे?"

असा तो उद्योग. जागेला राजण्णा मालकांनी हो म्हटलं, पहिली ज्वारी हाजीसाबांनी पाठवली. दोघांनीही ते समितीच्या सभेत सांगून टाळ्या घेतल्या. आम्ही जळक्या भिंतींवर पत्रे टाकले आणि मागाच्या खड्ड्याभोवती चार चुली मांडल्या. खड्ड्यात राख लोटायची, ते सोयीचं होतं. दोन चुली आमच्या गल्लीच्या, माझी आणि शेजारच्या पद्माची. दोन त्यांच्या, जुबेदाची आणि खालाची. अम्माही बिड्या कारखान्यात देऊन आली की एक परात थापून जायची. सरपण आणायला हातगाडी होती आणि ती ओढायला दोघं लागायचे. जुबेदानं नियम केला, दोघांपैकी एक या गल्लीचा, एक त्या गल्लीचा, नाहीतर त्या दिवशी त्यांना भाकरी नाही. दगड मारणारी पोरं भुकेपोटी एका गाडीला जुंपली गेली. पहिले आठ दिवस ती एकमेकांशी बोलत नव्हती, नुसती गाडी ओढत होती. नवव्या दिवशी चढावर भांडली, आणि भांडली म्हणजे बोलू लागली.

जुबेदाचा दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. ढीग एकच. चारी चुलींच्या भाकऱ्या एका जुन्या चादरीवर एकत्र ओतायच्या, हातानं कालवायच्या, आणि मग येतील तशा दहा-दहा उचलून मागावरच्या टाकाऊ सुतानं बांधायच्या. कुणाची कुणाला गेली हे कुणालाच कळता कामा नये; अम्माला आणि तिच्याकडून शिकलेल्या मला कडेवरून कळायचं ते वेगळं. सुरुवातीला लोक दारात विचारायचे, "कुणाच्या हातची आहे?" जुबेदा म्हणायची, "चुलीची." ती हे इतक्या शांतपणे म्हणायची की विचारणाऱ्याला पुढचा प्रश्न सुचायचा नाही. तिच्या जागी मी असते तर भांडले असते. अब्बा रोज एकदा येऊन दारात उभे राहायचे, खड्ड्याकडे बघायचे, एक भाकरी मोडून बघायचे आणि जायचे. एके दिवशी खाला मला म्हणाली, "दसऱ्यापर्यंत बघतो म्हणालेत ते. चूल चालली तर इथंच राहू. नाहीतर मैंदर्गी." त्या दिवसापासून ती चूल माझ्यासाठी जुबेदा होती. चूल टिकली तर जुबेदा राहणार, विझली तर जाणार. गल्लीतला सलोखा वगैरे मला माहीत नव्हता आणि खरं सांगायचं तर त्याची पर्वाही नव्हती. मला माझी मैत्रीण हवी होती.

दसऱ्याच्या आधी समितीनं सलोख्याचं जेवण ठरवलं. मुंबईहून कुणी साहेब येणार, दोन्ही गल्ल्या शाळेच्या मैदानावर एकत्र जेवणार, आणि भाकऱ्या आमच्या. इतकं मोठं काम आम्हाला कधी मिळालं नव्हतं. दत्तू म्हणाला, "आता आपली चूल सायब लोकांच्या बी तोंडात जाणार की!" अब्बांनी त्या दिवशी पहिल्यांदा खड्ड्याच्या कडेला बसून चहा घेतला. खाला मला डोळ्यानं खुणावत होती, बघ, बसलेत.

दोन दिवसांनी दुपारी राजण्णा मालक आमच्या ओट्यावर आले. अम्मा कारखान्यात गेली होती. तेलुगूत, अगदी मायेनं म्हणाले, "सरोजा, तू शहाणी पोरगी. माझं काही नाही, मी कुणाच्याही हातचं खाईन. पण म्हातारी माणसं असतात, त्यांच्या मनाचा विचार करावा लागतो. आपल्या पंगतीला आपल्या हातच्या येतील एवढं बघ. कुणाला कळायचं कारण नाही." ते उठता उठता शेडच्या दिशेनं बघून म्हणाले, "जागा तुम्हाला कायमची द्यावी असं माझ्या मनात आहे."

दुसऱ्या दिवशी हाजीसाब. मी नळावरून घागर घेऊन येत होते, तर त्यांनी रस्त्यात थांबवलं. "बेटी, बुरा नको मानो. लोगां अभी कच्चे हैं. हमारी पंगत में हमारे हाथ की आने दो. जुबेदा को नको बोलो, जिद्दी है वो." आणि पुढे, ज्वारीची काळजी करू नकोस. त्या दोघांचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दंगल थांबवायच्या वेळी होईना, जळलेल्या मागाची भरपाई द्यायच्या वेळी होईना, भाकरी वेगळी करायच्या वेळी मात्र न ठरवता झालं.

आता मी ज्याबद्दल गेली पन्नास वर्षं स्वतःवर दात खात आले ते लिहिते. मी घाबरले असते तर समजण्यासारखं होतं. पण मी घाबरले नाही. मला आनंद झाला. दोघांनाही तेच हवंय, मग एकाच युक्तीनं दोघंही खूश, जागाही राहील, ज्वारीही येईल, दसरा जाईल आणि जुबेदा इथंच. मला माझ्या डोक्याचं कौतुक वाटलं. आमच्या घरात बिडीचा दोरा दोन रंगांचा होता. अम्मानं मध्यंतरी कारखाना बदलला होता. जुन्या कारखान्याच्या बिडीला गुलाबी दोरा लागायचा, नव्याच्या बिडीला पांढरा. जुनी रिळं फळीवर पडून होती. आमच्याकडच्या पोरीला खूण करायची म्हटलं की दुसरं काय सुचणार? मी गुलाबी रीळ काढलं. पांढरं अम्माच्या सुपातलं घेतलं. कुठला रंग कुठल्या पंगतीचा ते दोघांनाही सांगून आले.

जेवणाच्या सकाळी शेडमध्ये धूर, घाई, आरडाओरड. मी म्हटलं, आज ढीग करायला वेळ नाही, ज्यानं त्यानं आपापल्या चुलीशीच बांधा. आणि सुतानं नको, मोठा दिवस आहे, जरा नेटकं दिसू दे. पद्माला गुलाबी दिला, मी गुलाबी घेतला, जुबेदाकडे आणि खालाकडे पांढरं रीळ टाकलं. जुबेदानं दोरा बोटावर गुंडाळून बघितला. "छान दिसतंय गं," ती म्हणाली. "नवरीच्या घरच्यासारखं." आणि आपल्याच हातानं, नीट गाठी मारून, तिनं आपल्या भाकऱ्या वेगळ्या बांधल्या. खालानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी सरपण नीट करायला वाकले.

मैदानावर दोन पंगती होत्या, मधून साहेबांना फिरायला वाट. एकत्र जेवण म्हणजे एवढंच, एका मैदानात. साहेब बोलत होते, तरुणांनी आदर्श घालून दिला, वगैरे. अब्बा त्यांच्या पंगतीत पहिले बसले होते, धुतलेला सदरा घालून. मी आमटी वाढत होते. जुबेदा टोपली घेऊन आमच्या पंगतीकडे निघाली, तशी मालकांचा पुतण्या तिला आडवा आला. आवाज कमी करायचंही त्याला सुचलं नाही. "ए, ती तिकडं न्यायची. गुलाबी इकडं, पांढरा तिकडं. सांगितलं नाही का सरोजानं?"

जुबेदा थांबली. तिनं टोपलीत बघितलं. मग त्याच्या हातातल्या टोपलीत बघितलं. मग माझ्याकडे. ती रागावली असती तर मी जगले असते. ती नुसती हिशेब लावल्यासारखी बघत होती, सकाळपासूनचा एकेक शब्द. मग ती दोन्ही पंगतींच्या मधल्या त्या वाटेवर, साहेबांसाठी अंथरलेल्या नव्या कोऱ्या चादरीवर बसली. टोपली पुढ्यात ओढली आणि एकेका गठ्ठ्याचा दोरा दातानं तोडायला लागली. बिडीचा दोरा, तुटायला किती वेळ? पांढऱ्या संपल्या तशी उठून तिनं त्या पुतण्याच्या हातातली टोपली काढून घेतली आणि गुलाबी तोडल्या. सगळ्या भाकऱ्या एकत्र ओतल्या, रोजच्यासारख्या हातानं कालवल्या. मैदानात फक्त भाकऱ्या घासल्याचा आवाज येत होता.

माझ्या हातात आमटीचा डाव होता. तो मी खाली ठेवला असता आणि तिच्याजवळ जाऊन बसले असते, एवढंच पुरे होतं. मी डाव धरून उभी राहिले.

"आता काय नुसतं बगत बसायचं व्हय?" हे दत्तू. तो वाढपी होता, पण सरळ येऊन चादरीजवळ मांडी घालून बसला, वरची भाकरी उचलली आणि मोडली. "म्या चार म्हैनं ह्येच खातोय की. मेलो का?" मग हातगाडीची पोरं आली. मग अम्मा, जी कधी परक्या पंगतीत जेवली नव्हती, ती पदर खोचून आली आणि जुबेदाला खेटून बसली. आणखी काही जण. पण जास्त माणसं उठली, आणि उठणाऱ्यांत दोन्हीकडची सारखीच होती. राजण्णा मालक म्हणाले, पोरीनं सभा नासवली. हाजीसाब म्हणाले, लडकी बेअदब है. अब्बा उठले नाहीत आणि जेवलेही नाहीत. पत्रावळीसमोर तसेच बसून राहिले.

घरी आल्यावर अम्मानं सूप मांडीवर घेतलं आणि रिळं शोधली. मला वाटलं ती ओरडेल. तिचा आवाज अगदी खाली होता. "कारखान्यात चेकर माझ्या बिड्या छाटतो," ती म्हणाली. "पान फाटलं असलं की छाटतो, तंबाखू कमी पडला की छाटतो. मी त्याला शिव्या देते. पण तो मेला बिडी बघून छाटतो. तू हात बघून छाटलीस." मी म्हटलं, अम्मा, मी जुबेदासाठीच केलं. तिनं गुलाबी रीळ उचलून चुलीत टाकलं. दोरा जळताना त्याचा वास आला, तंबाखूचाच.

जागा मालकांनी परत मागितली आणि ज्वारी हाजीसाबांनी थांबवली, एकाच सकाळी. पत्रे उतरवले. खड्डा बुजवून टाकला, कुणी पडू नये म्हणे. त्या मुलीला मोबाइलवर सांगताना मी एवढं मात्र सांगितलं, की हातगाडी राहिली. ती ओढणाऱ्यांपैकी दोघांनी पुढे सरपणाची वखार काढली, एक दाढीवाला, एक गंधवाला, आणि पुढची तीस वर्षं ते गिऱ्हाइकांसमोर एकमेकांना शिव्या देत धंदा करत राहिले. तेवढंच तिला आवडलं. म्हणाली, "हेच आपण घेऊ आजी, बाकीचं जरा निगेटिव्ह होतंय." मी तिला चहा दिला आणि जा म्हटलं. हार घालून घेणाऱ्यांचं सगळं आयुष्यभर याच वाक्यावर चाललं होतं.

दसऱ्याला अजून चार दिवस होते तेव्हा अब्बांनी सामान बांधलं. मी एसटी स्टँडवर गेले. सामान फार नव्हतं, जळल्यावर उरणार किती? खाला माझ्या डोक्यावरून हात फिरवून बाजूला झाली. मी दोन दिवस घोकलेलं बोलायला लागले, मालक असं म्हणाले, हाजीसाब तसं म्हणाले, मला वाटलं तू राहशील. जुबेदानं सगळं ऐकून घेतलं. शाळेत ती माझ्याशी मराठी बोलायची आणि मनातलं असलं की घरची भाषा.

"मेरेकू पूछना था गे, सरोजा," ती म्हणाली. "मैं बी शायद हौ बोलती. अब्बा का इधर रहना होता ना. झूट बोलना था तो दोनों मिलके बोलते. तू अकेली बोली."

मला आजवर ज्यांनी ज्यांनी शहाणपणाचं सांगितलं त्या सगळ्यांपेक्षा हे जास्त शहाणपणाचं होतं, आणि त्याचा काही उपयोग करता येईल अशी वेळ निघून गेली होती. गाडी लागली. चढता चढता तिनं पिशवीतून भाकऱ्या काढून माझ्या पदरात टाकल्या. शेडमधल्या शेवटच्या ढिगातल्या. बांधलेल्या नव्हत्या. त्यानंतर ती मला भेटली नाही. मी दोनदा पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही, आणि तिसरं लिहायला मला तोंड नव्हतं.

भाकऱ्या दोन्ही हातांनी छातीशी धरून मी चालत घरी आले. तरी काही मोडल्याच. अम्मा ओट्यावर बिड्या वळत होती. मागांची खटखट पुन्हा सुरू झाली होती, पूर्वीसारखी, जसं काही झालंच नाही. मी पदर तिच्यासमोर सोडला. मला वाटलं, आता ती एकेक उचलून उजेडाकडे धरील आणि सांगेल. तिनं सूप बाजूला ठेवलं, हात धुतले, चटणी काढली आणि सर्वांत वरची भाकरी उचलून मोडली. अर्धी मला दिली, अर्धी स्वतः खायला लागली. जन्मात पहिल्यांदा तिनं कड बघितली नाही.

मी बघितली. जुबेदाची होती.